‘बॅकअप आहे ना?’

माझ्या धंद्यात खोटं बोलावं लागत नाही, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. दुकानदार विचारतो, “बॅकअप आहे ना?” मी म्हणतो, “आहे.” ते खरंही असतं. रात्री अकराला त्याच्या सर्व्हरवरची फाइल दुसऱ्या डिस्कवर जाते, तिथून इंटरनेटवरून बाहेरगावच्या सर्व्हरवर, आणि सकाळी माझ्या मेलमध्ये हिरवी खूण येऊन पडते. शपथेवर विचारलं तरी मी हेच सांगेन. पण त्याला हे विचारायचंच नव्हतं. उद्या सकाळी मशीन सुरूच झालं नाही तर दुपारपर्यंत बिलं करता येतील का, हे त्याला हवं होतं. त्याचं उत्तर बऱ्याच ठिकाणी मला माहीत नसतं. आणि ‘माहीत नसतं’ हे म्हणणंही जरा सोयीचंच आहे. माहीत करून घ्यायचा रस्ता मला चांगला ठाऊक आहे, मी त्या रस्त्याला सगळीकडे लागत नाही एवढंच.

सांगलीत लहान व्यावसायिकांचे कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम. मार्केट यार्डातली हळद-बेदाण्याची अडत दुकानं, पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब, औषधांचे घाऊक विक्रेते, सीएंची ऑफिसं. इथे ‘सर्व्हर’ म्हणजे गल्ल्यामागच्या फळीवरची एक कॅबिनेट, शेजारी कुरकुरणारा यूपीएस, वरच्या देवाच्या फोटोपुढच्या उदबत्तीची राख थेट पंख्यात. त्यात टॅली असते, नाहीतर कोणा स्थानिक माणसाने लिहून दिलेलं बिलिंगचं सॉफ्टवेअर. वर्षाचं ठरलेलं एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, आणि त्या कागदावर एक ओळ: ‘डेटा बॅकअपसह’. स्वतःला काही विचारायचं असेल तर या ओळीपासूनच सुरुवात करायला हवी. या ओळीचे मी पैसे घेतो, आणि ही ओळ कोणीही तपासत नाही.

प्रिंटर दुरुस्त केला की कागद बाहेर येतो, गिऱ्हाइकाला दिसतं. बॅकअप चांगला घेतलाय की वाईट, हे दिसण्याचा दिवस वर्षानुवर्षं येत नाही. तोवर हलगर्जी माणसाचं आणि काटेकोर माणसाचं बिल अगदी सारखं दिसतं. दोघांनाही दिवाळीला मिठाईचा डबा येतो. त्यामुळे या कामात प्रामाणिकपणा मोजायला बाहेरचं माप नाही. न सांगता, न विचारता मी काय करतो, एवढ्यावरूनच तो मोजता येईल, आणि मोजणाराही मीच.

बॅकअप कसा गुपचूप मरतो ते मला पाठ आहे. बिलिंगची बरीच सॉफ्टवेअरं एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या एक्स्प्रेस आवृत्तीवर चालतात, कारण ती फुकट मिळते. या फुकट आवृत्तीत ठरल्या वेळी कामं उरकणारा एजंट नसतो. मग विंडोजच्या टास्क शेड्युलरला रात्रीचं काम लावायचं. ते काम कोणा एका युजरच्या नावावर चालतं. दिवाणजी नोकरी सोडून जातात, मालक शहाणपणाने त्यांचा पासवर्ड बदलतात, आणि त्याच रात्री बॅकअप थांबतो. मालकांनी योग्य तेच केलेलं असतं. दुसरीकडे डिस्क भरते. तिसरीकडे फाइल रोज तयार होते, पण त्याच नावाची, कालच्या फाइलवर लिहिली जाणारी. डेटा बुधवारी बिघडला आणि ते शुक्रवारी लक्षात आलं, तर चांगली प्रत कधीच पुसून गेलेली असते. टॅलीत कोणी एंट्री करत बसलं असताना डेटाचा फोल्डर नुसता उचलून कॉपी केला, तर ती प्रत उघडेलच याची खात्री नाही. आणि गूगल ड्राइव्हला जोडून ठेवलेला फोल्डर? मालकांना तो बॅकअप वाटतो. इथे खोडलं की तिथूनही जातं, कचरापेटीत काही दिवस पडून राहतं एवढाच दिलासा. बाहेरची हार्ड डिस्क कायम मशीनला लावून ठेवण्याची पद्धत तर सर्रास आहे. रॅन्समवेअर शिरलं की मूळ डेटाबरोबर त्या डिस्कलाही कुलूप लागतं. विंडोजने स्वतःहून ठेवलेल्या जुन्या प्रती तर असले प्रोग्रॅम बहुधा आधीच पुसून टाकतात.

एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाला अज्ञानाची सवलत घेता येत नाही.

मोठ्यांचंही असंच होतं, असं मी स्वतःला समजावतो. गिटलॅब ही प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथला एक थकलेला इंजिनिअर डेटाबेसची दुसरी प्रत दुरुस्त करत होता. चुकून त्याने खोडायची आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली. थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला घेतले. रोजची डेटाबेसची प्रत जिथे जायची ती जागा रिकामी निघाली, कारण प्रत घेणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती आणि डेटाबेसची आवृत्ती जुळत नव्हती. हे काम फसतंय, अशा सूचनेच्या मेल निघत होत्या, पण मेलच्या पडताळणीत अडकून त्या कोणापर्यंत पोचल्याच नाहीत. डिस्कचे स्नॅपशॉट त्या सर्व्हरसाठी सुरूच केलेले नव्हते. शेवटी कामी आली ती एका इंजिनिअरने चाचणीसाठी सहा तासांपूर्वी सहज काढून ठेवलेली प्रत. त्या सहा तासांत लोकांनी डेटाबेसमध्ये केलेल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

ही हकीकत मी मनातल्या मनात बचाव म्हणून वापरत आलोय: एवढ्यांचं झालं, तिथे आपली काय कथा! पण तिचा पुढचा भाग बचावाला उपयोगी पडत नाही. त्या कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लोकांसमोर थेट दाखवलं, आणि कोणत्या उपायात काय कसं फसलं होतं ते नंतर सविस्तर छापलं. चूक करणाऱ्याचं नाव पुढे केलं नाही. मला माहीत असलेल्या कोणत्याही गावात, आमच्या धंद्यातल्या कोणी असं केल्याचं मी पाहिलेलं नाही. आम्ही म्हणतो, “डिस्कच गेली हो, नशीब!” नशिबाच्या नावावर आमच्या धंद्यात जेवढं खपतं तेवढं ज्योतिषाच्याही धंद्यात खपत नसेल.

बॅकअप उघडून पाहणं म्हणजे नेमकं काय करायचं असतं? रविवारी एक मोकळं मशीन घ्यायचं, त्यावर सगळं पहिल्यापासून टाकायचं, बाहेरची प्रत उतरवायची, उघडायची, आणि दिवाणजींना शेजारी बसवून विचारायचं, की शनिवारची शेवटची पट्टी दिसतेय का, अमक्या शेतकऱ्याची बाकी जुळतेय का. फाइल तपासण्याची एक आज्ञा सॉफ्टवेअरमध्येच असते, पण ती फाइल वाचता येतेय एवढंच सांगते, आतला हिशोब बरोबर आहे का हे तिला कळत नाही. ते दिवाणजींनाच कळतं. या सगळ्यात अर्धा दिवस जातो. त्याचं बिल लावलं तर मालक म्हणतात, “चालू आहे ते कशाला उचकटताय?” बिल लावलं नाही तर माझा रविवार जातो. या हिशोबाला मी ‘वेळ मिळत नाही’ असं नाव देऊन ठेवलंय.

पण माझी कामाची वही चाळली की वेगळंच दिसतं. जिथे मी ही तपासणी करतो ती ठिकाणं बहुतेक मुळातच सुस्थितीतली आहेत. मशीन नवं, मालक समजूतदार, डेटा लहान. तपासणी होणारच असते, झाली की मलाही बरं वाटतं, एक फोटो काढून मालकांना पाठवतो. जिथे आतून शंका आहे, जिथे सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस कधीच पुण्याला निघून गेलाय, इन्स्टॉलेशनची सीडी कोणाकडे आहे ते माहीत नाही, विंडोज इतकं जुनं आहे की नव्या मशीनवर ते चढणार नाही, तिथे पाऊल अडतं. तपासणी फसली तर मालकांना सांगावं लागेल. सांगितलं की खर्च सांगावा लागेल. आणि मग ते विचारतील, “इतकी वर्षं पैसे कशाचे घेतलेत?” तो प्रश्न येऊ नये म्हणून मी तपासत नाही. डिकीत स्टेपनी आहे एवढं गिऱ्हाइकाला सांगायचं, हवा दाबून बघायची नाही. वेळेअभावी राहिलेलं काम आणि उत्तराच्या भीतीने राहिलेलं काम वहीत सारखंच दिसतं. माझ्या वहीत दुसऱ्या प्रकारचं जास्त आहे.

सांगलीत राहून आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. मारुती चौक, गणपती पेठ, सगळी बाजारपेठ पाण्यात. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, आणि त्याच पावसात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. या पुरांच्या आधी आम्ही सगळे ‘एक प्रत मालकांच्या घरी’ असं सांगायचो आणि त्याला मोठी काळजी समजायचो. पण मालकांचं घर दुकानापासून दोन गल्ल्यांवर, त्याच गावठाणात, त्याच पूररेषेत. डिस्क दुकानात भिजते तशी ती घरीही भिजते. प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवायची म्हणजे नदीच्या दुसऱ्या खोऱ्यात ठेवायची, हे पाण्याने शिकवलं. पाणी ओसरल्यावर लोकांनी वह्या उन्हात वाळत घातल्या होत्या. जुनं ते सोनं म्हणायचा मोह तिथे कोणाला झाला असता, पण त्या वह्यांमधली शाई पसरून गेली होती, हेही खरं.

फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच कंपनीच्या सर्व्हरच्या इमारतीला आग लागली, एक इमारत पूर्ण जळाली. बऱ्याच लहान व्यावसायिकांना त्या दिवशी कळलं की आपला सर्व्हर आणि त्याचा बॅकअप एकाच आगीच्या पल्ल्यात होता. काही जण कोर्टात गेले, आणि बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवायचं करारात होतं, तो त्याच इमारतीत होता, या मुद्द्यावर एका ग्राहकाला भरपाईही मंजूर झाली. ही बातमी वाचली तेव्हा मी माझा स्वतःचा छापील करार काढून पाहिला. त्यात प्रत कुठे ठेवणार, त्या ठिकाणाचं नावच नव्हतं. ‘डेटा बॅकअपसह’. फ्रान्समधल्या त्या ग्राहकाकडे निदान बोट ठेवायला एक कलम होतं. माझ्या गिऱ्हाइकांना मी तेवढंही दिलेलं नव्हतं.

कायदाही इथे मला फारसा टोचत नाही. कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये बदल झाला आणि इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणं कंपन्यांना बंधनकारक झालं. त्याआधी रोजचा आग्रह नव्हता. पण हा नियम कंपन्यांना, माझी बहुतेक गिऱ्हाइकं मालकीची नाहीतर भागीदारीची. आणि नियमात ठेवायला सांगितलंय. वर्षातून एकदा उघडून दाखवा, असं त्यात नाही. ऑडिटवाले येतात, मी फाइलची तारीख दाखवतो, ते खूण करतात. माझी हिरवी खूण, त्यांची लाल पेनाची खूण, दोन्ही एकाच न उघडलेल्या फाइलवर.

भीती विकण्याबद्दलही बोललं पाहिजे. मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर, माझी विक्री वाढते. एखाद्या सायबर हल्ल्याची बातमी आली की त्या आठवड्यात मी मुद्दाम चार जास्त दुकानांच्या पायऱ्या चढतो. माझी आवडती गोष्ट जेएनपीटी बंदराची. २७ जून २०१७ ला युक्रेनमध्ये सुटलेल्या नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं झोपवलं, आणि नवी मुंबईजवळच्या जेएनपीटीतल्या त्या समूहाच्या टर्मिनलवर कंटेनरचं काम ठप्प झालं. आपल्याकडचा बेदाणा जिथून बोटीत चढतो ते बंदर, म्हटल्यावर यार्डातला माणूस कान टवकारतो. मग मी सांगतो, मर्स्कच्या ज्या सर्व्हरवर सगळ्या जाळ्याच्या ओळखी होत्या ते जगभर पसरलेले होते आणि एकमेकांच्या प्रती ठेवत होते, त्यामुळे सगळे एकदम गेले. एक घानामधला वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. लोक हसतात. वीज गेल्याचा एवढा फायदा सांगलीत अजून कोणाला झालेला नाही.

गोष्ट खरी आहे. पण ती मी कुठे थांबवतो याकडे मध्यंतरी माझंच लक्ष गेलं. भीती सगळ्यात वर चढलेली असते तिथे, आणि तिथेच मी बॅगेतून कोटेशन काढतो. मर्स्कने नंतर दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केले, त्या दिवसांत माणसांनी हाताने, फोनवर, कागदावर काम चालवलं, हे मी सांगत नाही. ते गिऱ्हाइकाच्या जास्त उपयोगाचं आहे. सर्व्हर बंद असताना दुकान कसं चालवायचं याची एक पानाची तयारी, कोरी पट्टी-पुस्तकं, महत्त्वाच्या शंभर येणेकऱ्यांची छापील यादी, यात माझं काही विकलं जात नाही. म्हणून ते माझ्या गोष्टीत येत नाही. भीती दाखवणं चुकीचं नाही, पूर खोटा नव्हता. पण घाबरवून झाल्यावर हातात काय ठेवायचं हे ठरवताना मी माझा गल्ला बघतो.

वेळेच्या हिशोबाचंही तसंच. ‘क्लाउडवर आहे’ म्हटलं की मालक निर्धास्त होतात, मीही होऊ देतो. पण क्लाउडवरून परत आणायचं म्हणजे ५०० जीबी २० एमबीपीएसच्या लाइनवर उतरवायला पंचावन्न तास लागतात, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर. महापुरात लाइन कुठली आणि वीज कुठली? शिवाय डेटा उतरला म्हणजे दुकान सुरू झालं असं नाही. टॅलीचं लायसन नव्या मशीनवर चालू करायला ज्या ईमेलवर ते नोंदवलंय त्याचा पासवर्ड लागतो. तो ईमेल तीन अकाउंटंटांपूर्वीच्या मुलाचा असतो. लॅबच्या सॉफ्टवेअरचं डोंगल जुन्या मशीनच्या मागच्या बाजूला खोचलेलं असतं, आणि ते मशीन पाण्यात. हे सगळं एका कागदावर लिहून ठेवायला तासभर पुरतो.

तो कागद मी का करत नाही, या प्रश्नापाशी आलो की माझी जीभ जड होते. कारण सगळे पासवर्ड माझ्याकडे आहेत. बाहेर जाणाऱ्या प्रती मी कुलूपबंद करून पाठवतो, ते योग्यच, कोणाच्या हाती लागल्या तरी वाचता येऊ नयेत. पण त्या कुलपाच्या किल्ल्या माझ्या लॅपटॉपमध्ये आणि माझ्या डोक्यात. मालकांकडे नाहीत. ‘त्यांना कळत नाही, ते हरवतील, व्हॉट्सअॅपवर कोणालाही पाठवतील’, ही माझी कारणं, आणि ती अगदीच खोटी नाहीत. पण त्यांच्याखाली आणखी एक कारण आहे. किल्ल्या माझ्याकडे असेपर्यंत गिऱ्हाईक माझ्याकडेच राहतं. दुसऱ्याकडे जायचं म्हटलं तरी आधी मला फोन करावा लागतो. मी कोणाची किल्ली कधी अडवलेली नाही. पण अडवता येईल अशा जागी मी बसलोय आणि ती जागा मला उबदार वाटते, हे नाकारून चालणार नाही. उद्या मिरजेच्या रस्त्यावर मला ट्रकने उडवलं, तर यार्डातल्या दुकानांचे बॅकअप जगात कुठेतरी सुरक्षित असतील आणि कायमचे बंद असतील. मी ज्या आपत्तींची यादी लोकांना देतो, आग, पूर, चोरी, विजेचा झटका, व्हायरस, तिच्यात माझं नाव घालायला हवं.

आणि हा डेटा मालकांचा तरी आहे का? अडत दुकानाच्या सर्व्हरवर शेतकऱ्याची बाकी आहे, हमालाची हमाली आहे, तोलाई आहे. लॅबच्या सर्व्हरवर कोणाची तरी एचबीएवनसी आहे, कोणाची एचआयव्हीची चाचणी आहे. पतसंस्थेत पिग्मी एजंटाने रोज दारात जाऊन जमवलेले पन्नास-पन्नास रुपये आहेत, भाजीवाल्या मावशींचे. यांतल्या एकानेही माझ्याशी करार केलेला नाही. माझं नावही त्यांना माहीत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात चोरीच काय, डेटा अपघाताने मिळेनासा होणं हेसुद्धा डेटाचा भंग मानलंय. पण त्याच कायद्याने जबाबदारी ठेवली आहे डेटा गोळा करणाऱ्यावर, म्हणजे लॅबच्या मॅडमवर. त्यांच्यासाठी तो सांभाळणारा मी, मला कायदा थेट विचारत नाही. मॅडम मला विचारतील फार तर. मावशींचं तर कोणीच विचारणार नाही.

मोठ्या यंत्रणेत काय होतं हे आपण पाहिलंय. जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. सहकारी आणि ग्रामीण बँकांना ती कंपनी तंत्रज्ञान पुरवते. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तोडलं आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे ऑनलाइन व्यवहार अडकले. खातेदाराला काय दिसलं? यूपीआय चालत नाही, एवढंच. त्याने शिव्या दिल्या असतील त्या खिडकीतल्या क्लार्कला. त्या क्लार्कची आठवण मला येते ती यासाठी की माझ्या कामाची शिक्षाही खिडकीतल्या माणसालाच होणार आहे.

मग मी काय ठरवलं? फार थोर काही नाही. खर्चाचा प्रश्न खरा आहे. ज्या दुकानाचं वर्षाचं एएमसी यार्डातल्या एका जेवणावळीइतकं, त्याला दोन शहरांत चालू सर्व्हर ठेवा असं सांगणं हा ढोंगीपणा होईल. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक बाहेरगावी, हा जुना नियम लहान दुकानालाही परवडतो. त्यापुढे किती जायचं हे आतापर्यंत मीच परस्पर ठरवायचो आणि मालकांना पत्ता नसायचा. आता मालकांनाच विचारतो: किती दिवसांचं काम पुन्हा हाताने टाइप करायची तयारी आहे? आणि किती दिवस दुकान कॉम्प्युटरशिवाय चालेल? इंग्रजी संक्षेपांत हेच विचारलं की ते मान डोलावतात. असं विचारलं की विचारात पडतात. हळदीचा मोठा व्यापारी म्हणाला, “सौद्याच्या हंगामात एक दिवसही नाही, श्रावणात आठ दिवस चालेल.” इतकं नेमकं उत्तर कुठलं सॉफ्टवेअर मला देणार होतं? त्याच्या बॅकअपची वेळापत्रकं आता हंगामाप्रमाणे बदलतात.

एएमसीच्या कागदावरची ती एक ओळ काढून टाकली. तिथे आता लिहिलंय की प्रत कुठल्या गावात आहे, किती दिवसांच्या प्रती आहेत, शेवटची उघडून कधी पाहिली, उघडली नसेल तर ‘उघडून पाहिलेली नाही’, आणि किल्ल्यांचं बंद पाकीट मालकांनी कुठे ठेवलंय. पाकिटं देताना हात आखडतो, पण देतो. दोघांनी पाकीट घेतल्यावर महिनाभरात दुसरा कॉम्प्युटरवाला पाहिला. त्यातल्या एकाचं मला वाईट वाटलं, एकाचं नाही.

हा कागद घेऊन गणपती पेठेतल्या एका अण्णांकडे गेलो. माझ्या वहीतल्या टाळलेल्या ठिकाणांमधलं हे पहिलं. जुना सर्व्हर, लिहिणारा गायब झालेलं सॉफ्टवेअर. रकान्यात ‘उघडून पाहिलेली नाही’ असं मीच लिहिलं होतं. अण्णांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, “म्हणजे आता बुडालं तर तू म्हणणार, अण्णा, तुम्हाला सांगितलं होतं, सही आहे तुमची.”

मला उत्तर सुचलं नाही, कारण ते बरोबर बोलत होते. खरं लिहून दिलं की माझ्या मनावरचं ओझं उतरतं आणि त्यांच्या सहीखाली जाऊन बसतं. आधी मी ‘आहे’ म्हणून सुटत होतो, आता ‘नाही’ लिहून सुटेन. कबुली लिहिणं स्वस्त आहे. त्यांच्या त्या म्हाताऱ्या सर्व्हरची प्रत दुसऱ्या मशीनवर उघडते का हे बघणं महाग आहे, आणि ती उघडली नाही तर पुढचे काही महिने त्या सॉफ्टवेअरमधला हिशोब नव्या ठिकाणी हलवण्यात जातील. त्याचे पैसे अण्णा देतील असं मला वाटत नाही, आणि इतकी वर्षं त्यांच्याकडून घेतलेल्या पैशांत ते आधीच आले नाहीत का, हेही मला ठरवता आलेलं नाही.

मी कागद परत घेतला आणि सही राहू दे म्हटलं. रविवारी मशीन घेऊन येतो, आधी उघडून बघू, मग काय लिहायचं ते ठरवू. अण्णा म्हणाले, पैसे मिळणार नाहीत, पण दुकान उघडून देतो, आणि दिवाणजींनाही बोलावतो.